गाडी ऐंशीच्या पुढे दम तोडते? मेन जेट बदलण्याआधी हे करून बघा

पारोळा ते जळगाव हा माझा रोजचा रस्ता. गाडी दीडशे सीसीची, 2011 ची, कार्बोरेटरवाली. एका उन्हाळ्यात तिला खोड लागली. गावात, गर्दीत, पुलाच्या चढावर एकदम झकास. पण एरंडोल सोडून मोकळा रस्ता लागला आणि मूठ पूर्ण पिळली, की दोन-तीन मिनिटं नीट पळायची आणि ऐंशीच्या आसपास मागून कोणी कॅरिअर धरून ठेवल्यासारखी व्हायची. जरा हळू घेतली की पुन्हा शहाणी.

मी सगळे करतात तेच केलं. मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक छिद्राची पितळी खुंटी, मोठा टाकला. फरक नाही म्हणून अजून मोठा टाकला. आता गाडी धूर सोडायला लागली, ॲव्हरेज पडलं आणि ऐंशीची रड तशीच राहिली. तीन जेट, दोन प्लग आणि चार रविवार गेल्यावर एका म्हाताऱ्या फिटरकडे गेलो. त्याने पाना हातात घेतलाच नाही. टाकीचं झाकण उघडलं, बंद केलं आणि म्हणाला, “भाऊ, गाडी उपाशी शे. नुसतं तोंड मोठं करीसन काय व्हई? ताटमा काय शे ते देख ना.”

जेट म्हणजे तोंड, आणि कार्बोरेटरच्या खालची वाटी म्हणजे ताट. ताटात पेट्रोल पोचतच नव्हतं. माझ्यासारखी उलट्या टोकाने सुरुवात करू नका, म्हणून हा क्रम लिहून ठेवतोय.

हे सगळं फक्त कार्बोरेटरच्या गाड्यांसाठी आहे. एप्रिल 2020 ला बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि त्यानंतरच्या बहुतेक नव्या गाड्या इंजेक्शनवर आल्या, म्हणजे त्यांत कार्बोरेटरच नाही. तुमची तशी असेल तर यातल्या दुसऱ्या पायरीपुरतंच वाचा.

आधी एवढं समजून घ्या

कार्बोरेटरमध्ये एकच जेट सगळं काम करत नाही. कामं मुठीप्रमाणे वाटलेली असतात. गाडी उभी असताना आणि मूठ पाव पिळेपर्यंत पायलट जेट आणि बाजूचा स्क्रू. पाव ते पाऊण मुठीपर्यंत निडल, म्हणजे स्लाइडला (मूठ पिळली की वर उठणाऱ्या दट्ट्याला) लटकणारी ती टोकदार सुई. पाऊणच्या पुढे मेन जेट. या हद्दी थोड्या एकमेकींत शिरतात, पण कामापुरतं हे पुरे.

म्हणून गाडी “टॉप मारत नाही” म्हणून बाजूचा एअर स्क्रू फिरवत बसणं म्हणजे डोकं दुखतंय म्हणून पायाला पट्टी. आणि पीयूसी पास झाली म्हणजे जेट बरोबर, असंही नाही. दुचाकीची पीयूसी उभ्या गाडीवर, हळू चालत्या इंजिनावर होते. मेन जेट तेव्हा झोपलेला असतो.

सोबत काय लागेल

- गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल, किंवा निदान कंपनीने दिलेला मूळ मेन जेटचा, पायलट जेटचा आकडा आणि फ्लोटची (वाटीत तरंगून पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तुकड्याची) उंची. हे नसेल तर काम सुरूच करू नका, कारण परत कुठे यायचं ते तुम्हाला कळणार नाही.
- 8, 10 आणि 12 चे पाने, प्लग पाना.
- पेचकस दोन: एक जेटच्या खाचेत घट्ट बसणारा चपटा, एक चांगल्या टोकाचा प्लस. वाटीचे स्क्रू मऊ असतात, झिजलेल्या पेचकसाने त्यांचं डोकं गेलंच म्हणून समजा.
- हातभर पारदर्शक नळी, पेट्रोल चालेल अशी बाटली, पांढरं सुती फडकं.
- कार्ब क्लीनरचा स्प्रे. हवा भरण्याच्या दुकानातला कॉम्प्रेसर मिळाला तर उत्तम.
- स्टीलचं एक ताट. सुटे भाग त्यातच ठेवायचे. आमच्याकडे यावरून घरात जे झालं ते इथे सांगत नाही, फक्त स्वयंपाकघरातलं घेऊ नका.

काम उघड्यावर, इंजिन गार झाल्यावर. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतही पेट्रोलची वाफ किती झपाट्याने सुटते हे माहीत आहेच. बघायला जमलेल्या मंडळींपैकी ज्याच्या हातात विडी असेल त्याला आधी गल्लीच्या टोकाला पाठवा.

1. तक्रार वेगात सांगू नका, मुठीत सांगा

“ऐंशीला अडकते” यावरून काहीच कळत नाही. ऐंशी तिसऱ्या गिअरमध्ये की पाचव्या? मूठ अर्धी की पूर्ण? मुठीवर चिकटपट्टीचा तुकडा लावा, शेजारच्या स्थिर भागावर पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण अशा खुणा करा आणि एक फेरी मारून तीन गोष्टी वहीत लिहा.

दम कुठल्या खुणेला तुटतो? मूठ पिळल्याबरोबर तुटतो की काही वेळ पळून मग? आणि तुटताना आवाज कसा येतो?

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि मी तोच स्वतःला विचारला नव्हता. जेट चुकीचा असेल तर गाडी मूठ पूर्ण पिळताक्षणी रडते. आधी मिनिटभर छान पळून मग रडत असेल, तर वाटीतलं पेट्रोल संपतंय आणि वरून येणारं पुरत नाही, असा संशय धरा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं वाचा: पेट्रोल जास्त होत असेल तर इंजिन घोगरं, भुरभुर, भिजल्यासारखं चालतं आणि मागे काळा धूर दिसतो. कमी पडत असेल तर आवाज कोरडा आणि रिकामा येतो, ओढ मधेच येते-जाते आणि इंजिन नेहमीपेक्षा जास्त तापतं.

2. कार्बोरेटरवर आळ घेण्याआधी

क्लच प्लेट घसरत असतील तर इंजिन ओरडतं, वेग वाढत नाही. ते जेटने सुटणार नाही. गाडी मधल्या स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवा. ब्रेक घासत असेल तर तिथेच कळेल. पुढच्या चाकाचंही बघा. चेन फार ताठ नाही ना, टायरमध्ये हवा आहे ना. चोकचा खटका पूर्ण खाली बसतोय ना. प्लगची कॅप सैल नाही ना. ही दहा मिनिटांची कामं आहेत.

एअर फिल्टरवर मात्र थांबा. खानदेशात याचं प्रकरण वेगळं आहे. दिवाळीनंतर कापूस जिनिंगला जायला लागला की रस्त्याच्या कडेला, काट्याकुट्यांना, तारेला पांढरी रुई लटकलेली दिसते. तीच तुमच्या फिल्टरच्या डब्यातही जाते. मी माझा डबा उघडला तेव्हा फिल्टरच्या तोंडावर रुई आणि काळ्या मातीची धूळ मिळून वाळलेल्या गोधडीसारखा थर बसला होता, नखाने उचलला तर एका तुकड्यात निघाला. हवा अडली की मिश्रणात पेट्रोल जास्त होतं आणि वरचा दम जातो. कागदाचा फिल्टर असेल तर झटकून समाधान मानू नका, बदला. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, तेलाचा हलका हात देऊन पिळून बसवा.

आणि फिल्टर काढून गाडी पळवून बघायचा मोह आवरा. हवा एकदम वाढते, मिश्रण पातळ होतं आणि महामार्गावरची धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. मग जेट नाही, बोअर बदलायची वेळ येते.

3. ताटात पेट्रोल पोचतंय का?

माझी गाडी इथे सापडली. म्हणून ही पायरी सावकाश करा.

पेट्रोलचा कॉक बंद करा. कार्बोरेटरला येणारी नळी काढा, तिला पारदर्शक नळी जोडून टोक बाटलीत सोडा. टाकीचं झाकण बंदच ठेवा आणि कॉक उघडा. धार एकसारखी पडली पाहिजे. एक-दोन मिनिटं बघत राहा, लगेच समाधान मानू नका. काही गाड्यांचा कॉक इंजिनाच्या ओढीवर उघडतो, त्यात अशी धार पडणार नाही. त्यासाठी मॅन्युअलमधली पद्धत बघा.

माझी धार सुरुवातीला चांगली जाड होती. मग दोऱ्यासारखी झाली, मग थेंब. झाकण उघडलं, तर फुस्स करून हवा आत गेली आणि धार पुन्हा पहिल्यासारखी. झाकणात एक बारीक छिद्र असतं. पेट्रोल खाली जाईल तसतशी तिथून हवा आत यायला हवी. वॉशिंग सेंटरला प्रेशरच्या पाण्याने गाडी धुताना चिखलाचं पाणी त्या छिद्रात गेलं होतं आणि वाळून दगड झालं होतं. गावात हळू चालवताना थोडं पेट्रोल पुरायचं. फुल मुठीला पुरायचं नाही. चार रविवार मी या टाचणीच्या टोकाएवढ्या मातीशी मोठ्या जेटने लढत होतो.

धार बघताना या जागाही तपासा:

कॉकच्या आत टाकीच्या बाजूला जाळी असते, तिच्यावर गंज आणि गाळ बसतो. मेन आणि रिझर्व्ह, दोन्हीवर धार बघा. मधे बाहेरून लावलेला छोटा फिल्टर असेल तर तो किती वर्षांचा आहे ते आठवा. आठवत नसेल तर बदला. नळी इंजिनाला चिकटून तर जात नाही ना, कुठे मुडपलेली नाही ना. दुपारच्या उन्हात तापलेल्या इंजिनाला टेकलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि वाफेने नळी अडते.

अजून एक जागा कोणी बघत नाही. कार्बोरेटरच्या वाटीला श्वास घ्यायला एक बारीक नळी असते, खाली लोंबत असते. गाडी शेतात, गोठ्यात महिना-दोन महिने उभी राहिली की कुंभारीण माशी अशा नळ्यांत मातीचं घर करते. नळीत फुंकून बघा.

इथेच दोष निघाला तर तो काढा, मूळ आकड्याचा जेट असल्याची खात्री करा आणि चालवा. पुढचं वाचायची गरज नाही.

4. कार्बोरेटर उतरवून धुणं

प्रत्येक नळी काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. “लक्षात राहील” म्हणणाऱ्याच्या हातात शेवटी एक नळी उरते.

वाटी उघडाल तेव्हा आतलं पेट्रोल फेकू नका, स्टीलच्या ताटात ओता आणि ताट हळूच हलवा. तळाशी पारा सरकल्यासारखे थेंब वेगळे पळताना दिसले तर ते पाणी. हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. गाडी पावसाळाभर अर्ध्या टाकीवर उभी असेल तर हे हमखास दिसतं. असं असेल तर टाकीही रिकामी करून साफ करा, नाहीतर आठवड्याने पुन्हा तिथेच.

मेन जेट काढून उजेडाकडे धरा. छिद्र पूर्ण गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. जेटच्या वर जी पितळी नळी असते तिला बाजूने बारीक छिद्रं असतात, ती सगळी मोकळी हवीत. कार्ब क्लीनर मारा, हवा मारा. तरी नाही निघालं तर नायलॉनचा दोरा घाला. तार, सुई, पिन घालायची नाही. पितळ मऊ असतं. एकदा ओरखडा पडला की आकडा तोच राहतो, छिद्र मात्र तेवढंच राहत नाही. कोणी “सुई मारून दोन मिनिटांत मोकळा करतो” म्हणाला तर हात जोडा आणि जेट परत मागा.

फ्लोट हलवून कानाशी धरा, आत पेट्रोल खळखळत असेल तर तो फुटलाय. फ्लोटच्या पिनच्या (वाटीत येणारं पेट्रोल अडवणाऱ्या सुईच्या) टोकावर झिजेची कडी उमटली असेल तर पिन बदला. फ्लोटची उंची मॅन्युअलप्रमाणे मोजा. मोजताना कार्बोरेटर तिरपा धरा, म्हणजे फ्लोटची पट्टी पिनच्या स्प्रिंगला नुसती टेकेल, दाबणार नाही. वाटीत पेट्रोलची पातळी कमी राहिली तरी गाडी फुल मुठीलाच उपाशी पडते, आणि दोष जेटचा वाटतो.

5. केबल सरळ आत जाते की बाजूला?

स्प्लेंडर किंवा आरएक्स 100 सारख्या गाड्यांत केबल वरच्या झाकणातून थेट स्लाइडला लागते. मूठ पिळली की स्लाइड वर. या प्रकारात स्लाइड पूर्ण वर जाते का एवढंच बघा. केबल ढिली असेल तर मूठ पूर्ण पिळूनही स्लाइड पाऊणच उघडते. हसू नका, मी हे दोन गाड्यांत पाहिलंय.

दीडशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांत केबल बाजूच्या चाकाला लागते आणि वर काळं गोल झाकण असतं. त्याखाली रबराचा पातळ पडदा असतो. हवेच्या ओढीने पडदा उचलला जातो आणि त्याच्यासोबत स्लाइड. पडद्याला टाचणीएवढं भोक पडलं तरी स्लाइड पूर्ण उठत नाही: गाडी अर्ध्या मुठीपर्यंत नॉर्मल, वर मात्र कितीही पिळा, ढिम्म. पडदा ताणून उजेडाकडे धरून बघा. आणि कार्ब क्लीनर या पडद्यावर चुकूनही उडू देऊ नका, रबर फुगतं आणि मग ते खाचेत बसत नाही. परत बसवताना पडद्याची कड झाकणाखाली दबली तर नवा पडदाही जातो.

कार्बोरेटर आणि इंजिनामधला रबरी जोडही वाकवून बघा. भेगा असतील तर तिथून जास्तीची हवा शिरते. गाडी चालू ठेवून जोडावर थोडं पाणी शिंपडा. आवाज बदलला तर भेग आरपार आहे.

6. जेटवरचा आकडा

जेटवर आकडा कोरलेला असतो. आधीच्या मालकाने काय टाकून ठेवलंय ते इथेच कळतं. केहिनच्या जेटचा आकडा साधारण छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात धरतात, म्हणजे 100 म्हणजे जवळपास 1 मिमी. मिकुनीचे काही जेट व्यासावर नाही, किती पेट्रोल वाहतं त्यावर मोजलेले असतात. म्हणून एका कंपनीचा 100 आणि दुसऱ्या कंपनीचा 100 सारखा समजू नका.

आणि “पाचचाच तर फरक” असंही म्हणू नका. व्यास 100 चा 105 झाला तर छिद्राचं क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढतं. मी दोनदा वाढवला होता. धूर उगाच नव्हता येत.

डुप्लिकेट जेटवर आकडा खरा असतोच असं नाही. पाकीट आणि भाग तपासूनच घ्या.

7. रस्त्यावरची परीक्षा

पहाटे, शिवारातला सरळ, रिकामा, ओळखीचा रस्ता निवडा. महामार्ग नको, केळीच्या ट्रकांच्या मधे तर मुळीच नको. हेल्मेट घाला. इंजिन पूर्ण तापू द्या.

पहिली चाचणी सोपी. फुल मुठीवर गाडी ओढत असताना मूठ किंचित, अगदी बोटभर मागे घ्या. गाडीने उलट जोर धरला तर मेन जेट लहान पडतोय. अडखळली, भुरभुरली तर मोठा आहे. नुसता वेग जरासा कमी झाला तर जेट जागेवर आहे.

दुसरी प्लगची. नवा किंवा स्वच्छ प्लग लावा, वरच्या गिअरमध्ये साधारण अर्धा किलोमीटर फुल मुठीवर न्या, आणि मूठ तशीच ठेवून एकाच वेळी इंजिन बंद करा आणि क्लच दाबा. बंद करायला किल स्विच वापरा. चावी फिरवताना हँडल लॉक झालं तर पुढचं सांगायला नको; किल स्विच नसेल तर ही चाचणी सोडून द्या. गाडी घरंगळत थांबली की प्लग काढा. प्लग आणि इंजिन दोन्ही भाजतील, जाड फडकं घ्या. चिनी मातीचा भाग पांढरा फटक म्हणजे पेट्रोल कमी. पार्ले बिस्किटासारखा म्हणजे ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. काळा आणि तेलकट असेल तर तो इंजिनाचा आजार आहे, जेटचा नाही. घरी येईपर्यंत हळू चालवून मग प्लग बघितला तर तो पायलट जेटचा रंग दाखवेल, मेनचा नाही.

टू-स्ट्रोकवाल्यांनी पातळ मिश्रणावर फुल मूठ धरून ठेवू नये. टाकीतच तेल मिसळायच्या गाडीत पेट्रोलबरोबरच तेल जातं; पेट्रोल कमी पडलं की तेलही कमी, आणि पिस्टन जाम.

8. आता खरंच जेट बदलायचा असेल तर

एका वेळी एकच गोष्ट, आणि एकच पायरी. जेट बदलला त्याच दिवशी निडलची क्लिप हलवू नका. शंका असेल तर आधी मोठ्या बाजूला जा. पेट्रोल जास्त झालं तर पैसे जातात, कमी पडलं तर पिस्टन.

हवामान मनात ठेवा. डिसेंबरच्या 10 अंशांच्या पहाटेपेक्षा मेमधल्या 44 अंशांच्या दुपारी हवा सुमारे 11 टक्के विरळ असते. थंडीत बरोबर असलेला जेट उन्हाळ्यात थोडा जड पडणार, ते चालतं. उलट मे महिन्यात भुसावळच्या दुपारी अगदी काटेकोर लहान जेट लावून ठेवलात, तर थंडीत गाडी उपाशी पडेल. तोरणमाळचा घाट चढून हजार मीटरच्या वर गेल्यावर दम कमी वाटला तर तिथे पाना काढू नका. शहाद्याला उतरलं की ठीक होतं.

जुन्या गाडीला एक पायरी मोठा जेट कधीकधी खरंच लागतो, याचं कारण इंधन आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9 च. 20 टक्के मिश्रणाला सुमारे 13.5. इंजेक्शनची गाडी हे स्वतः जुळवून घेते, कार्बोरेटरला ती अक्कल नाही. तरीही आधी मूळ आकडा लावा, सातवी पायरी करा, आणि प्लग पांढरा दिसला तरच वाढवा.

मोकळा सायलेन्सर लावून “आता दम येत नाही” म्हणणाऱ्यांनी मूळ सायलेन्सर परत लावावा. दमही येईल आणि पावतीही वाचेल.

9. एवढं करूनही नाही झालं तर

मग गॅरेजला जा आणि व्हॉल्व्हचं सेटिंग, कॉम्प्रेशन आणि सायलेन्सरमधला काजळीचा अडथळा या क्रमाने बघायला सांगा. सोबत वही न्या: कुठल्या खुणेला दम तुटतो, धार कशी होती, जेटचा आकडा काय, प्लगचा रंग काय. आणि निघताना काढलेले सगळे जुने जेट काडेपेटीत घालून, वर आकडा लिहून, गाडीच्या टूलबॉक्समध्ये ठेवा. माझे दोन मोठे जेट तिथेच पडून आहेत, आणि त्यांच्याशेजारी झाकणाच्या छिद्रात फिरवायला एक टाचणी.